तांबूसशेपटी हमिंगबर्ड : मळ्यात रुळलेला पक्षी आणि त्याच्या सेवेची मर्यादा

हमिंगबर्ड हे नाव भारतात बहुतेकांच्या परिचयाचे आहे. मात्र या कुलातील एकही जाती भारतात नैसर्गिकरीत्या आढळत नाही. आज जिवंत असलेले सर्व हमिंगबर्ड केवळ अमेरिका खंडद्वयात, उत्तरेस अलास्कापासून दक्षिणेस तिएरा देल फुएगोपर्यंत आढळतात. त्यांच्या ३५० हून अधिक जाती ज्ञात असून सर्वाधिक विविधता विषुववृत्तालगतच्या अँडीज पर्वतरांगांत आहे. एकट्या कोलंबियात १५० हून अधिक, तर कोस्टा रिकासारख्या लहान देशात सुमारे ५० जातींची नोंद आहे.

प्रस्तुत लेखात त्यांपैकी एका जातीचा परिचय करून दिला आहे. तांबूसशेपटी हमिंगबर्ड, शास्त्रीय नाव अमॅझिलिया त्झाकाट्ल, ही मध्य अमेरिकेतील कॉफी व केळीच्या मळ्यांत आणि घरालगतच्या बागांत सहज दिसणारी जाती आहे. कृषी विस्ताराच्या दृष्टीने ती अभ्यासण्याजोगी आहे, कारण तिच्या उदाहरणातून एक प्रश्न पुढे येतो : शेतात फुलांवर येणारे पक्षी भरपूर दिसतात, एवढ्यावरून त्या परिसरातील परागीभवन सुरक्षित आहे असे मानता येईल काय?

रूप व आकार

तांबूसशेपटी हमिंगबर्ड मध्यम आकाराचा आहे. त्याची लांबी चोचीसह १० ते ११ सेंमी आणि वजन सुमारे ५ ग्रॅम असते. पाठ, डोके व पंखांवरील आच्छादक पिसे कांस्यछटेची हिरवी असतात. गळा व छाती चकचकीत हिरवी, तर पोट फिकट राखाडी-तपकिरी असते. शेपटी व तिच्या बुडाशी असलेली पिसे तांबूस असून शेपटीच्या कडा अधिक गडद दिसतात. हीच या जातीची मुख्य ओळख होय. चोच जवळजवळ सरळ, सुमारे २ सेंमी लांबीची, लाल रंगाची व टोकाशी काळी असते.

नर व मादी यांच्या रंगांत फारसा फरक नसतो. मादीच्या गळ्यावरील पिसांना पांढुरक्या कडा असतात व पोट अधिक फिकट असते. पिलांच्या वरच्या चोचीवर लाल रंग कमी असतो. निरीक्षकाची गल्लत होण्याचा संभव दोन सजातीय पक्ष्यांमुळे असतो. सिनॅमन हमिंगबर्डचा गळ्यापासून पोटापर्यंतचा संपूर्ण खालचा भाग दालचिनी रंगाचा असतो. बफ-बेलीड हमिंगबर्डचा गळा हिरवा असला तरी पोट पिवळसर-बदामी असते. तांबूसशेपटीचे पोट राखाडीकडे झुकणारे असते. म्हणजेच केवळ शेपटीच्या रंगावर विसंबून न राहता गळा, पोट व शेपटी अशा तिन्ही भागांची नोंद घेतली तरच ओळख निश्चित होते.

हमिंगबर्डांची हिरवी झळाळी रंगद्रव्याची नसते. पिसांतील मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म, चपट्या व आतून पोकळ कणांचे थर प्रकाश परावर्तित करतात आणि त्यातून हा रंग निर्माण होतो. त्यामुळे प्रकाशाचा कोन बदलताच तोच पक्षी क्षणात हिरवा, तर क्षणात काळसर दिसतो. दूरच्या किंवा छायेतील निरीक्षणात रंगाला किती महत्त्व द्यावे, हे ठरवताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

उड्डाण व ऊर्जेचा हिशेब

हमिंगबर्ड फुलासमोर हवेत स्थिर राहतात, तसेच मागेही उडतात. त्यांच्या खांद्याच्या सांध्याची रचना अशी असते की पंख पुढे व मागे अशा दोन्ही दिशांनी फिरताना इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आकृती काढतात. इतर पक्ष्यांत शरीर तोलून धरणारा जोर मुख्यतः पंख खाली येताना मिळतो. हमिंगबर्डमध्ये मात्र सुमारे तीन चतुर्थांश जोर खालच्या फटक्यात आणि उरलेला एक चतुर्थांश वरच्या फटक्यात मिळतो, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून दिसून आले.

या उड्डाणाची किंमत मोठी असते. उड्डाणकाळात हृदयाचे ठोके काही जातींत मिनिटाला १,२०० पर्यंत जातात. दिवसभरात शरीराच्या वजनापेक्षा जास्त वजनाचा मधुरस हा पक्षी घेऊ शकतो. रात्री अन्न मिळत नसल्याने अनेक जाती शरीराचे तापमान व चयापचय मोठ्या प्रमाणात खाली आणून अल्पकाळ सुप्तावस्थेत जातात. थोडक्यात, हमिंगबर्डची शिल्लक फार थोडी असते. परिसरात फुलांचा खंड पडला तर त्याचा परिणाम त्याच्यावर काही तासांतच होऊ लागतो. म्हणूनच वर्षभर क्रमाक्रमाने फुलणाऱ्या वनस्पती हा त्याच्या अधिवासाचा खरा पाया आहे.

अधिवास व आहार

या जातीचा विस्तार पूर्व-मध्य मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेतून कोलंबिया, पश्चिम व्हेनेझुएला व पश्चिम इक्वाडोरपर्यंत आहे. ती मुख्यतः समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीपर्यंत राहते. घनदाट जंगलाचा अंतर्भाग तिला फारसा मानवत नाही. जंगलाच्या कडा, नदीकाठ, झुडपी माळ, पडीक शेत, कॉफीचे मळे व परसबागा या तिच्या पसंतीच्या जागा होत. जंगलतोडीमुळे अनेक पक्ष्यांचा अधिवास आकसला. तांबूसशेपटीसाठी मात्र उघड्या जागा वाढल्या. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ती ‘कमी चिंतेच्या’ वर्गात आहे. हमिंगबर्ड कुलाचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.

कॉफीच्या मळ्यात हा पक्षी येतो तो प्रामुख्याने कॉफीच्या फुलांसाठी नव्हे. अरेबिका कॉफी स्वपरागित असून तिचे फलधारण या पक्ष्यावर अवलंबून नसते. त्याला आकर्षण असते ते सावलीसाठी राखलेल्या इंगा प्रजातीच्या झाडांचे, कुंपणावरील फुलझाडांचे व बांधावरील रानफुलांचे. मळ्यातील सावली काढून टाकली तर कॉफीची झुडपे शिल्लक राहतात, परंतु पक्ष्याचे अन्न जाते.

केळीच्या बाबतीतही हाच भेद लक्षात घ्यावा लागतो. तांबूसशेपटी केळफुलातील मधुरस आवडीने घेतो. तथापि लागवडीखालील केळीची फळे परागीभवनाशिवाय वाढतात व त्यांत बी धरत नाही. त्यामुळे पक्ष्याच्या भेटीने केळीच्या घडाचे वजन वाढत नाही. फुलावर पक्षी येणे आणि त्या पिकाला त्याचा लाभ होणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

मधुरसातून साखर मिळते, प्रथिने मात्र अत्यल्प. त्यामुळे सर्व हमिंगबर्ड लहान माश्या, चिलटे व कोळी टिपून खातात. पिलांच्या वाढीसाठी हा आहार अनिवार्य असतो. कीटकनाशकांच्या अविचारी वापराने मधुरस दूषित होण्याचा धोका असतोच, शिवाय हा दुसरा आहारही घटतो.

तांबूसशेपटी अतिशय भांडखोर आहे. फुललेले एखादे झुडूप ताब्यात घेऊन तो इतर हमिंगबर्डांना, प्रसंगी फुलपाखरांनाही हुसकावून लावतो. ही सवय पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते. एकाच झुडपावर पहारा देणारा पक्षी पराग मुख्यतः त्याच झुडपाच्या फुलांत फिरवतो. दूरच्या झाडापर्यंत पराग नेण्याचे काम त्याच्याकडून कमी होते.

या पक्ष्यांबरोबर फुलांतील सूक्ष्म कोळीही प्रवास करतात. हे माइट हमिंगबर्डच्या नाकपुड्यांत शिरून एका फुलावरून दुसऱ्या फुलावर पोहोचतात आणि तेथील मधुरस व पराग खातात. पक्षी त्यांचे केवळ वाहन असतो.

प्रजनन

घरटे बांधणे, अंडी उबवणे व पिलांना भरवणे ही सर्व कामे मादी एकटी करते. घरटे लहान वाटीच्या आकाराचे असून वनस्पतींचे तंतू व वाळलेल्या पानांचे तुकडे वापरून ते बारीक फांदीवर बांधले जाते. बाहेरून त्यावर दगडफूल व शेवाळाचे तुकडे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फांदीच्या गाठीसारखे दिसते. मादी दोन पांढरी अंडी घालते. उबवणीचा काळ १५ ते १९ दिवसांचा असून पिले २० ते २६ दिवसांत उडू लागतात. म्हणजे अंडे घातल्यापासून पिलू उडेपर्यंत पाच ते साडेसहा आठवडे लागतात. या काळात कुंपणाची छाटणी झाल्यास घरटे नष्ट होण्याचा धोका असतो.

वर्गीकरण

मेक्सिकोतील निसर्गअभ्यासक पाब्लो दे ला यावे यांनी १८३३ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. तिचे वर्गीकरण पुढील क्रमाने समजून घेता येते.

गण : पारंपरिक मांडणीनुसार हमिंगबर्ड व पाकोळ्या एपोडिफॉर्मिस गणात येतात. काही अलीकडील वर्गीकरणांत याच पक्ष्यांना रातव्यांसह कॅप्रिमुल्जिफॉर्मिस या विस्तृत गणात घेतले जाते. नाव कोणतेही स्वीकारले तरी पाकोळ्या हेच हमिंगबर्डांचे निकटचे नातेवाईक आहेत, याविषयी मतभेद नाही.

कुल : ट्रोकिलिडी. जनुकीय अभ्यासानुसार या कुलाच्या नऊ प्रमुख शाखा आहेत. तांबूसशेपटी त्यांपैकी ‘एमराल्ड’ शाखेत येतो. लांब व वाकड्या चोचीचे ‘हर्मिट’ ही दुसरी, बरीच प्राचीन शाखा होय.

प्रजाती : अमॅझिलिया. पूर्वी या प्रजातीत सुमारे ३० जाती एकत्र ठेवल्या जात. रंगरूपाच्या साम्यावर केलेला हा गट डीएनएच्या कसोटीवर टिकला नाही. गेल्या काही वर्षांत त्यांतील बहुसंख्य जाती अन्य प्रजातींत हलवण्यात आल्या. तांबूसशेपटी मात्र अमॅझिलियातच राहिला.

जाती : त्झाकाट्ल. पनामाजवळील एस्कुदो दे वेराग्वास या लहान बेटावरील पक्षी मुख्य भूमीवरील पक्ष्यांपेक्षा मोठे आहेत. अलेक्झांडर वेटमोर यांनी १९६३ मध्ये त्यांचे वेगळे वर्णन केले. काही तज्ज्ञ त्यांना स्वतंत्र जाती मानतात, तर काही तांबूसशेपटीचीच उपजाती समजतात.

जनुकीय अनुमानानुसार हमिंगबर्ड व पाकोळ्या यांचे पूर्वज सुमारे ४.२ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले. आजच्या सर्व हमिंगबर्डांचा समान पूर्वज सुमारे २.२ कोटी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत असावा. यात एक लक्षणीय बाब अशी की, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या हमिंगबर्डसदृश पक्ष्याचे जीवाश्म जर्मनीत सापडले असून गेराल्ड मायर यांनी २००४ मध्ये त्याला युरोट्रोकिलस असे नाव दिले. म्हणजे या घराण्याची एक शाखा कधीकाळी जुन्या जगातही होती. ती पुढे लुप्त झाली.

भारतातील शिंजीर : काम सारखे, घराणे वेगळे

भारतात हमिंगबर्ड दिसल्याच्या वार्ता अधूनमधून पसरतात. अशा वेळी दिसलेला जीव बहुधा शिंजीर अथवा हॉक मॉथ गटातील पतंग असतो. शिंजीर, अर्थात सूर्यपक्षी, नेक्टारिनिइडी कुलातील असून चिमणी-कावळ्यांच्या पॅसेरिफॉर्मिस गणात येतात. हमिंगबर्डशी त्यांचे नाते दूरचे आहे. दोन्ही गटांनी मधुरसावर जगण्याची रीत स्वतंत्रपणे आत्मसात केली. त्यातून लांब चोच, नळीसारखी जीभ व झळाळता रंग ही साम्ये निर्माण झाली. चवीच्या बाबतीतही असेच घडले. पक्ष्यांत गोड चव ओळखणारे सस्तन प्राण्यांसारखे ग्राहक प्रथिन नाही. हमिंगबर्डांत प्रथिनांची चव ओळखणारे ग्राहक बदलून साखर ओळखू लागले, आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या पूर्वजांत तोच बदल वेगळ्या मार्गाने झाला.

प्रत्यक्ष निरीक्षणात पुढील भेद उपयोगी पडतात.

• हमिंगबर्ड बहुतेक वेळ हवेत स्थिर राहून रस घेतो. शिंजीर क्षणभर हवेत स्थिर राहू शकतो, परंतु सामान्यतः फांदीवर किंवा फुलाच्या देठावर बसूनच रस पितो. त्याचे पाय मजबूत असतात.

• हमिंगबर्डचे घरटे वाटीसारखे असते. शिंजिराचे घरटे फांदीला लोंबणाऱ्या थैलीसारखे असून त्याला बाजूने प्रवेशद्वार असते.

• हमिंगबर्डमध्ये पिलांचे संगोपन मादी एकटी करते. जांभळ्या शिंजिराचा नर पिलांना भरवण्यास हातभार लावतो.

• हॉक मॉथला सहा पाय, मिशांसारख्या स्पर्शिका व गुंडाळता येणारी सोंड असते. दिवसा उडणारा, पारदर्शक पंखांचा सेफोनोडिस हायलास हा असाच एक पतंग होय. त्याच्या अळ्या कॉफी व अनंत या झाडांची पाने खातात. त्यामुळे ‘मळ्यात हमिंगबर्ड आला’ ही वार्ता खरे तर पाने खाणाऱ्या अळीची पूर्वसूचनाही असू शकते.

फुलांच्या रचनेतही हा भेद उमटलेला दिसतो. पांगारा ज्या एरिथ्रिना प्रजातीतील आहे, तिच्या १०० हून अधिक जाती जगभर आहेत. अमेरिकेतील अनेक जातींची फुले अरुंद, मिटलेल्या नळीसारखी असतात; समोर हवेत स्थिर राहणाऱ्या हमिंगबर्डला ती सोयीची असतात. आपल्याकडील पांगाऱ्याचे फूल उघडे असून जवळच बसायला जाड देठ असतो, म्हणून तेथे मैना, बुलबुल, शिंजीर असे बसून रस पिणारे पक्षी येतात. मधुरसही भिन्न असतो : हमिंगबर्डांच्या फुलांत सुक्रोज जास्त, तर बसून पिणाऱ्या पक्ष्यांच्या फुलांत ग्लुकोज व फ्रुक्टोज जास्त. कर्नाटकातील कॉफी मळ्यांत सावलीसाठी व अनेक ठिकाणी मिरीच्या वेलाला आधार म्हणून पांगारा लावला जातो. मध्य अमेरिकेतील कॉफीच्या मळ्यांतही याच प्रजातीची झाडे सावलीसाठी वापरतात. एकच प्रजाती, एकच उपयोग. पाहुणे मात्र जातीनुसार वेगळे.

विपुल पक्षी, अपुरी सेवा

वर उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर दक्षिण कोस्टा रिकातील लास क्रूसेस जैविक केंद्राच्या परिसरातून मिळते. तेथे जंगलाचे लहानमोठे तुकडे, कुरणे व कॉफीचे मळे एकमेकांत मिसळलेले आहेत. जंगलाच्या सावलीत हेलिकोनिया टॉर्टुओसा ही वनस्पती वाढते. तिची फुले लांब व वाकडी असून अनेक हमिंगबर्ड तिच्यावर येतात.

मॅथ्यू बेट्स, अॅडम हॅडली व जॉन क्रेस यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या फुलांना वेगवेगळ्या पाहुण्यांच्या भेटी घडवून आणल्या आणि नंतर फुलांत परागनलिका किती वाढल्या हे मोजले. हिरवा हर्मिट व व्हायोलेट सेबरविंग या लांब, वाकड्या चोचीच्या जातींच्या भेटीनंतर परागनलिका चांगल्या वाढल्या. आखूड चोचीच्या पाहुण्यांच्या भेटीनंतर त्या फारच थोड्या आढळल्या. विशेष म्हणजे फुलातील मधुरस तळापर्यंत कृत्रिमरीत्या काढून घेतल्यानंतर हाताने परागीभवन केले असता परागनलिकांची वाढ सुधारली. याचा अर्थ, रस खोलवरून काढला जाणे हीच वनस्पतीसाठी खूण असते. योग्य पाहुणा आला, अशी ‘खात्री’ पटल्यावरच ती पराग स्वीकारते. अवघ्या २ सेंमी सरळ चोचीचा तांबूसशेपटी अशा फुलाच्या तळापर्यंत पोहोचू शकत नाही.

आता चित्र पूर्ण होते. लांब चोचीचे हर्मिट एका झुडपावर पहारा देत नाहीत. ते ठरावीक मार्गाने दूरदूरच्या फुलांना फेरी घालतात आणि त्यामुळे पराग एका झाडावरून दूरच्या दुसऱ्या झाडावर जातो. मात्र ते जंगलाच्या आडोशाला बांधलेले असतात. हॅडली व बेट्स यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिरव्या हर्मिटना रेडिओ-ट्रान्समीटर लावून त्यांच्या क्षेत्रापासून दूर सोडले. शेती असलेल्या परिसरात ते सरळ रेषेत परतले नाहीत. उघडी जागा टाळून, झाडीच्या कडेने वळसा घेत ते परत आले. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झाडीच्या पट्ट्यांनी जोडलेल्या जंगल-तुकड्यांत जंगलनिष्ठ हमिंगबर्डांची उपस्थिती व परागांची देवाणघेवाण अधिक आढळली.

म्हणजे जंगल तुटले, झाडीचे पट्टे नाहीसे झाले, तरीही मळ्यात हमिंगबर्ड दिसतच राहतात. फरक इतकाच की ते तांबूसशेपटी असतात. पाहणाऱ्याला उणीव जाणवत नाही. हेलिकोनियाला मात्र ती जाणवते. पक्ष्यांची एकूण संख्या मोजली तर सर्व काही ठीक दिसेल. जातवार नोंद ठेवली तरच झालेली हानी कळेल. वर्गीकरणाचे ज्ञान येथे केवळ नावांपुरते राहत नाही. कोणती सेवा शिल्लक आहे व कोणती लोप पावली, हे त्यावरून ठरते.

विस्तार कार्यासाठी बोध

भारतात हमिंगबर्ड नसले तरी निरीक्षणाची ही पद्धत येथील बागांना लागू पडते. आंब्यावरील बांडगुळाचे उदाहरण घेता येईल. बांडगुळाच्या फुलांवर शिंजीर येतात व परागीभवन करतात. त्याच्या चिकट बिया फांदीवर पसरवण्याचे काम मात्र फुलटोच्या हा वेगळा लहान पक्षी करतो. तो फळे गिळतो व चिकट बी फांदीवर टाकतो. दोघेही चिमुकले व चपळ असल्याने अनेकदा एकच समजले जातात. बांडगूळ वाढले म्हणून शिंजिराला दोष देणे चुकीचे ठरते. पक्ष्यांना हुसकावण्यापेक्षा बांडगूळ फळे धरण्यापूर्वीच, ते जेथून उगवले त्या फांदीच्या भागासह कापून काढणे हाच योग्य उपाय होय.

क्षेत्रीय कार्यकर्त्यांनी शेतकरी गटांसमवेत पुढील बाबींचा अवलंब करावा.

• फुलावर येणाऱ्या पक्ष्याची नोंद ‘लहान पक्षी’ अशी न करता जातीचे नाव, फुलाचे नाव, बसण्याची रीत व चोच फुलात कोठपर्यंत जाते या चार बाबींसह करावी. फुलाच्या बुडाला भोक पाडून रस पिणारा पक्षी परागीभवन करीत नाही. अशी भोके आढळल्यास वेगळी नोंद घ्यावी.

• पिकाला पक्ष्याच्या भेटीचा लाभ होतो असे सांगण्यापूर्वी त्या पिकाचे फलधारण कसे होते हे तपासावे. केळीसारख्या पिकात असा दावा निराधार ठरतो.

• बांधावर एकाच मोसमात फुलणाऱ्या शोभेच्या झाडांऐवजी स्थानिक झाडे क्रमाने फुलतील अशी निवड करावी. काटेसावर, पळस व पांगारा हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत, तर मुरूडशेंगेसारखी झुडपे पावसाळ्याच्या आसपास मधुरस पुरवतात.

• बांधावरील झाडी सलग राखावी. ओढाकाठ, कुंपण व देवराई यांना जोडणारा अरुंद पट्टासुद्धा आडोशाने फिरणाऱ्या जातींना उपयोगी पडू शकतो. सामान्य पक्षी उघड्या रानातूनही येतात, म्हणून झाडीची गरज नाही असा निष्कर्ष काढू नये.

• छाटणीपूर्वी घरटी तपासावीत. फुलोऱ्याच्या काळात फवारणी शक्यतो टाळावी. अपरिहार्य असल्यास परागवाहकांचा वावर थांबल्यानंतर सायंकाळी करावी.

• हमिंगबर्डना आकर्षित करणारी म्हणून विकली जाणारी रोपे किंवा साखरपाण्याची उपकरणे भारतात हमिंगबर्ड आणू शकत नाहीत. अशा खर्चाऐवजी स्थानिक झाडांची लागवड करण्यास शेतकऱ्यांना प्रवृत्त करावे.

सारांश

तांबूसशेपटी हमिंगबर्ड ही मेक्सिकोपासून इक्वाडोरपर्यंत आढळणारी, ट्रोकिलिडी कुलातील, उघड्या जागा व मळे यांत रुळलेली जाती आहे. हिरवा गळा, राखाडी पोट, तांबूस शेपटी व काळ्या टोकाची लाल चोच ही तिची ओळख. ती विपुल आहे. परंतु तिची चोच आखूड आहे व तिचा वावर मर्यादित क्षेत्रात असतो. त्यामुळे लांब चोचीच्या जंगलनिष्ठ जातींचे काम ती करू शकत नाही. शेतात पक्षी आहेत काय, यासोबत कोणते आहेत आणि कोणते दिसेनासे झाले, हेही विचारण्याची सवय विस्तार कार्यकर्त्यांनी व प्रगतिशील शेतकऱ्यांनी लावून घ्यावी. बांधावरील पक्ष्यांची जातवार नोंदवही त्यासाठी पुरेशी आहे. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच झाडांवर ती भरली, तर काही वर्षांत परिसरातील बदल शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातच्या पुराव्याने समोर येईल.